उडताना डॉप्लर परिणामामुळे वटवाघळाचा गोंधळ कसा होत नाही?

तुमचा प्रश्न असा: जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढ्या स्वरात ऐकू येते (हाच डॉप्लर परिणाम), तसा वेगाने उडणाऱ्या वटवाघळाला स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनीही बदललेलाच ऐकू येणार. मग त्याला भक्ष्य कळतं कसं? आणि सगळ्याच वटवाघळांना ही अडचण येते का?

प्रतिध्वनी बदलतो, हे खरं. पण काही जातींनी त्यावर भन्नाट तोडगा काढलाय: प्रतिध्वनी जेवढा चढणार, तेवढा आपला आवाज आधीच उतरवायचा.

मी लातुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे गणित केल्याशिवाय राहवत नाही. मोठी हॉर्सशू बॅट घ्या. नाकाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची कातडी असते आणि आवाजही नाकातूनच काढते. एका जागी लटकलेली असताना तिचा आवाज साधारण ८३ किलोहर्ट्झचा असतो. आपल्या कानांची हद्द २० ला संपते. आता ती सेकंदाला ५ मीटर वेगाने झाडाकडे निघाली. पोरं सूत्रात आकडे घालतात आणि ८४.२ वर थांबतात. तिथे मार्क जातात! कारण झाडापर्यंत जाताना आवाज एकदा चढला आणि परत येताना, ऐकणारी स्वतःच पुढे सरकत असल्यामुळे, पुन्हा चढला. उत्तर ८५.५ च्या आसपास येतं.

अडीच किलोहर्ट्झचा फरक किरकोळ वाटेल, पण तिच्या अंतर्कर्णातल्या पडद्याचा बराच मोठा भाग ८३ च्या आजूबाजूच्या अगदी अरुंद पट्ट्यासाठी राखलेला असतो. प्रतिध्वनी त्या पट्ट्याबाहेर पडला की बारीक फरक ऐकणं गेलं. म्हणून ती आवाज सुमारे ८०.६ वर आणते, आणि प्रतिध्वनी बरोबर ८३ वर येऊन पडतो. १९६८ मध्ये हान्स-उलरिख श्निट्झलर या जर्मन शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. पुढे अशा वटवाघळांना लोलकावर बसवून झोके दिले गेले: झोका पुढे जाताना ती आवाज उतरवतात, मागे येताना मात्र फारसं काही करत नाहीत. खरंच आहे, मागे मागे उडायची वेळ त्यांच्यावर येते कुठे?

आता यातून मिळतं काय? आमच्याकडे अडतीवर पोत्याचं वजन केलं की बारदान वजा करतात, मग उरतो तो निव्वळ माल. इथे वटवाघळाचा स्वतःचा वेग हे बारदान. ते वजा झालं की स्थिर पानांचा, फांद्यांचा प्रतिध्वनी जवळपास एका सुरात राहतो, आणि त्यात पतंगाचे फडफडणारे पंख लगेच वेगळे पडतात. पंख पुढे-मागे होताना प्रतिध्वनीची वारंवारता आणि जोर दोन्ही थरथरतात. कीटक पंख न हलवता बसून राहिला, तर हॉर्सशू बॅटला तो बहुतेक सापडतच नाही.

अजून एक फायदा आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिची हाक बरीच लांब, ५० मिलिसेकंदांच्या घरातली असते. म्हणजे हाक संपायच्या आतच प्रतिध्वनी येऊन धडकतो. तरी घोटाळा होत नाही, कारण हाक ८०.६ वर आणि कान ८३ वर.

सगळी वटवाघळं हे करत नाहीत. बहुतेक कीटकभक्षी जाती मोजक्या मिलिसेकंदांची, वरून झपकन खाली घसरणारी हाक देतात. तिथे वारंवारतेचा पट्टाच रुंद असल्यामुळे डॉप्लरचा थोडासा फरक खपून जातो. वडा-चिंचेवर उलटी लटकणारी मोठी वाघळं तर नजरेवर आणि वासावर फळं शोधतात. गंमत म्हणजे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या मिशीवाल्या वटवाघळाने, हॉर्सशूशी जवळचं नातं नसताना, हीच युक्ती साधारण ६१ किलोहर्ट्झवर स्वतंत्रपणे कमावली आहे.

आणि दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, ऐकू येणारा चिवचिवाट म्हणजे ही शिकारीची हाक नव्हे. ती त्यांची आपसातली कुरबुर; शिकारीची हाक तुमच्या कानाजवळून गेली तरी कळणार नाही.