नागपुरी संत्र्याचं मार्मालेड दुसऱ्या दिवशी कडू का होतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूरच्या बेसा भागातलं नवीन घर, मागच्या अंगणात पाच वर्षांचं संत्र्याचं कलम, या नोव्हेंबरात पहिल्यांदाच सत्तरेक फळं आली. परदेशी पाककृती पाहून तुम्ही मार्मालेड (सालीच्या चिरा घालून केलेला संत्र्याचा जॅम) केलं. त्या दिवशी चव उत्तम होती, दुसऱ्या दिवशी ते कडू झालं आणि आठवडा उलटला तरी काकवीसारखं पातळच आहे. झाडावर अजून पंचवीसेक फळं आहेत, ती वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही विचारताय. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. ती पाककृती आपल्या संत्र्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

युरोपात मार्मालेडला जे संत्रं वापरतात ते आंबट-कडू, जाड आणि घट्ट सालीचं असतं. त्याच्या सालीत आणि बियांत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं फळातलं द्रव्य, भरपूर असतं, म्हणून तिकडे बियांची पुरचुंडी मलमलीत बांधून पातेल्यात सोडतात. आपलं नागपुरी संत्रं पातळ, ढिल्या सालीचं, गोड आणि पेक्टिनला गरीब. त्याच्या बिया आणि फोडींवरची पातळ साल यांत एक द्रव्य असतं, ज्याला स्वतःची काहीच चव नसते. फळ चिरलं, दाबलं, ते द्रव्य रसाच्या आंबटपणाशी भिडलं की काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. उष्णतेने ही क्रिया आणखी भराभर होते. म्हणून शिजवताना चाखलं तर गोड लागतं आणि सकाळी बरणी उघडली की जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा बसतो. घरी काढून ठेवलेला संत्र्याचा रस संध्याकाळपर्यंत कडू लागतो, त्याचंही हेच कारण.

मीही पहिल्या वर्षी तीन किलो संत्र्यांच्या बिया अशाच पुरचुंडीत बांधून शिजवल्या होत्या. काटोलजवळच्या शेतातली फळं होती, सासऱ्यांनी स्वतः निवडून पाठवलेली. सगळं कडू झालं आणि मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी नियमच केला: संत्र्याची एकही बी पातेल्यात जाऊ द्यायची नाही, आणि मिक्सर तर अजिबात नाही. मिक्सरच्या पात्याने बिया आणि पापुद्रे दोन्ही भरडले जातात. फोडी सोलून, बिया काढून गर हाताने मोकळा करायचा, किंवा अख्खी फोड गाळणीवर हलक्या हाताने दाबायची. रस निघाला की तासाभरात चुलीवर चढवायचा, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचा नाही.

मग ते घट्ट कसं होणार? पेक्टिन दुसऱ्या फळाकडून घ्यायचं, आणि आपल्या हवामानाची मेहेरबानी अशी की त्या त्या बहाराबरोबर (फुलं-फळांच्या हंगामाबरोबर) ते फळही बाजारात असतंच. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, तेव्हा पेरू असतो. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा महाशिवरात्रीच्या आगेमागे गोकुळपेठ बाजारात कवठं दिसतात. कवठाच्या गराचा चिकटपणा म्हणजे पेक्टिनच. तुमची फळं आंबियाची, तेव्हा पेरूच घ्या. पिवळा, मऊ झालेला नको. हिरवट, कडक, नुकताच गाभुळायला लागलेला हवा, कारण फळ पिकत जातं तसं त्यातलं पेक्टिन तुटत जातं. अर्धा किलो पेरूचे काप पाऊण लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळायचे आणि स्वच्छ पंच्यातून गाळायचे. पंचा पिळायचा नाही, टांगून ठेवायचा. पिळला तर पाणी गढूळ होतं.

एक किलो संत्र्यांना माझं माप असं. साधारण 450 मिली रस आणि गर, त्यात 250 मिली पेरूचं पाणी, दोन कागदी लिंबांचा रस आणि 600 ग्रॅम साखर. साल फक्त तीन संत्र्यांची. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकायचा, सालीच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक चिरा करायच्या आणि पाणी बदलून तीन वेळा उकळायच्या. साल बोटात दाबली की दबली पाहिजे. साखर त्याच्या आधी घातली तर साल चिवट होते आणि मग कितीही शिजवा, चिवटच राहते. इथे घाई करू नका. लिंबाचा रस चवीपुरता नाही, पेक्टिन बांधायला आंबटपणा लागतो, तो वगळू नका. लिंबाच्या बिया मात्र यातही नकोत.

पुस्तकांत 105 अंशांवर उतरवा असं लिहिलेलं असतं. नागपूर समुद्रसपाटीपासून जवळपास 310 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण 99 अंशांनाच उकळतं. म्हणजे आपला टप्पा 104 च्या आसपास येतो. 105 ची वाट पाहत बसलात तर पाक जास्त आटून खडीसाखरेसारखा होतो. थर्मामीटर नसेल तर वजनकाटा वापरा, माझा त्याच्यावरच जास्त भरवसा आहे. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवायचं. 600 ग्रॅम साखर घातली असेल तर पातेल्यातला ऐवज 950 ग्रॅमच्या आसपास आला की आच बंद. खात्रीसाठी फ्रिजमध्ये गार केलेल्या बशीवर एक थेंब टाकायचा आणि दोन मिनिटांनी बोटाने ढकलून पाहायचा. सुरकुती पडली की झालं. यात पाव किलोच्या वर बसणाऱ्या तीन बाटल्या होतात. एका वेळी याहून जास्त करू नका. मोठ्या पातेल्यात ते तासभर उकळत राहतं, रंग तपकिरी होतो आणि पेक्टिनही मोडतं.

बाटल्या दहा मिनिटं उकळून, पूर्ण वाळवून, गरम असतानाच गरम मार्मालेड भरायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि कूलरची ओलसर हवा घरभर फिरत असते. उघडलेली बाटली त्या दिवसांत फ्रिजमध्येच ठेवा.

आधीच्या कडू बरण्यांचं काय? कडवटपणा निघत नाही, त्यासाठी आणखी साखर घालू नका. त्यात गूळ, मीठ, भाजलेलं जिरं आणि भिवापुरी मिरचीचं तिखट घालून पुन्हा दहा मिनिटं आटवा. लिंबाच्या जुन्या लोणच्यात कडवटपणा आपण आवडीने खातोच, तसंच हेही भाकरीबरोबर चांगलं लागतं. आमच्याकडे त्या तीन किलोंचं हेच झालं आणि होळीपर्यंत संपलं.

झाडावरची उरलेली पंचवीस फळं घाईने उतरवू नका, पण फार दिवस ठेवूही नका. संत्रं तोडल्यावर आंब्यासारखं घरात पिकत नाही, जी गोडी येते ती झाडावरच. सालीवर हिरवट डाग असले तरी फळ आतून तयार असू शकतं, म्हणून एक सोलून चाखून बघा, रंगावर जाऊ नका. उलट साल सुटून फळ दाबल्यावर पोकळ लागत असेल तर उशीर झाला. तोडताना ओढायचं नाही. ओढलं की देठाशी साल फाटते आणि तिथूनच फळ सडतं. कात्रीने देठाचा अगदी छोटा तुकडा ठेवून कापा.

आता झाडाबद्दल, कारण पुढच्या वर्षीची बरणी तिथेच ठरते. एका झाडाकडून दोन्ही बहार घेऊ नका. तुम्ही आंबियाच धरा. मृगाच्या फळाचा रंग आणि चव मला जास्त आवडते, पण मृग बहारासाठी झाडाला मे महिन्यात ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं, आणि घरच्या एका झाडावर नागपूरच्या मे महिन्यात ते करणं मला जिवावर येतं. आंबियासाठी फळं उतरली की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पाणी बंद. पानं मलूल होतील, काही गळतील, तरी मन घट्ट करा. सल (वाळलेल्या फांद्या) आणि पाणसोट (सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) याच काळात काढून टाका. मग कुजलेलं शेणखत देऊन पहिलं पाणी हलकं द्या, पुढे हळूहळू वाढवा. फुलं फेब्रुवारीत दिसतील. घरच्या बागेत हा ताण नेहमी एकाच गोष्टीने फसतो: भांड्यांचं किंवा कपड्यांचं पाणी गुपचूप त्या आळ्याकडे झिरपत असतं. ते आधी तपासा.

आपल्या काळ्या मातीत संत्र्याचा खरा शत्रू म्हणजे खोडाशी साचणारं पाणी. त्यातून बुरशी लागते, खोडावर डिंक ओघळतो, साल सडते आणि झाड उभ्या उभ्या जातं. आम्ही याला डिंक्या म्हणतो. घरातलं माझं पहिलं झाड मी असंच गमावलं, बुंध्याशी रोज पाइप सोडून. तेव्हापासून दुहेरी आळं करते: खोडाभोवती मातीचं छोटं कडं, त्याच्या बाहेर दुसरं मोठं, आणि पाणी फक्त या दोन कड्यांच्या मध्ये. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर माती उकरून तो मोकळा करा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. एका झाडाला याचा दहावा भागही पुरून उरतो. मोरचूद आणि चुना वेगवेगळे प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका.

आणखी झाडांबद्दल विचारलंत. जागा असेल तर एक कागदी लिंबू आणि एक पेरू लावा, म्हणजे वरची सगळी कृती अंगणातच पूर्ण होईल. कलमं रस्त्यावरच्या गाडीवरून घेऊ नका. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं तयार होतात, लिंबासाठी तिथे चौकशी करा. आवळा लावणार असाल तर एकटा लावू नका. बऱ्याच जातींना स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, दोन वेगळ्या जाती जवळ हव्यात. फुलं वसंतात येतात आणि नंतर उन्हाळाभर झाडावर काहीच दिसत नाही, तेव्हा झाड वांझ समजून तोडू नका. धरलेली फळं तोवर निद्रिस्त असतात, पावसाळ्यात ती वाढायला लागतात आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत फांद्या वाकतात.

मोरावळ्याबद्दल एकच सांगते, कारण तिथे बहुतेकांची बरणी आंबते. टोचून वाफवलेले आवळे पाकात टाकले की पुढचे दोन-तीन दिवस त्यांचं पाणी पाकात उतरत राहतं आणि दोन तारी केलेला पाक पुन्हा पातळ होतो. तिसऱ्या दिवशी आवळे बाजूला काढून पाक पुन्हा दोन तारी करायचा, गार करून परत त्यात आवळे सोडायचे. माझी आई हे आणखी एकदा आठवड्याने करायची आणि तिची चिनी मातीची बरणी पुढच्या दिवाळीपर्यंत टिकायची.

तुमच्या झाडाचा पूर्ण फोटो टाकलात, पण मला खोड दिसत नाहीये. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचा, चारही बाजूंनी फोटो काढून टाका. पानांचा रंग थोडा फिका वाटतोय. डिंक असेल तर ताण देण्याआधी त्याचा बंदोबस्त करावा लागेल.