हर्शी बेअर्सच्या बातम्यांतले 'रिकॉल', 'लोन' आणि 'पीटीओ' कसे वाचायचे?

प्रश्न: आम्ही नुकतेच पेन्सिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहायला आलो. हर्शी बेअर्स हा आइस हॉकीचा संघ जवळच आहे म्हणून त्याच्या बातम्या वाचायला घेतल्या. पण रोज कोणी 'रिकॉल' होतं, कोणी 'लोन'वर येतं, कोणाचा 'पीटीओ' संपतो. हे वाचायचं कसं? आणि शनिवारच्या सामन्याला गेलो तर बर्फावर कोण दिसेल हे आधी कळतं का?

उत्तर:

बातमीत नाव दिसलं की त्या खेळाडूचा करार कोणाशी आहे, हे सगळ्यात आधी शोधा. गोल किती, वय काय, हे नंतर. मायनर लीगमधल्या (म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या लीगमधल्या) बहुतेक हालचालींचं कारण करारात असतं.

लीगचे तीन मजले आहेत. वर एनएचएल या मुख्य लीगमधला वॉशिंग्टन कॅपिटल्स, मधे एएचएल या तिच्या खालच्या लीगमधला हर्शी, खाली ईसीएचएल या त्याहून खालच्या लीगमधला साउथ कॅरोलायना स्टिंगरेज. हर्शी हा वॉशिंग्टनच्या मालकीचा संघ नाही. त्याची मालकी हर्शी एंटरटेनमेंट अँड रिसॉर्ट्सकडे आहे आणि वॉशिंग्टनशी सध्याची भागीदारी २००५ पासून चालू आहे. त्यामुळे एकाच ड्रेसिंग रूममध्ये दोन वेगवेगळ्या धन्यांचे खेळाडू बसलेले असतात. एकाला वॉशिंग्टन हलवू शकतं, दुसऱ्याला नाही.

पहिला गट एनएचएल करारवाल्यांचा. एका एनएचएल संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० करार ठेवता येतात आणि हंगामात बराच काळ मुख्य संघात २३ जणच असू शकतात. उरलेल्यांतले बहुतेक हर्शीत खेळतात. हे खाली येतात तेव्हा बातमीत 'लोन' किंवा 'रीअसाइन' असा शब्द येतो. दोन्हींचा अर्थ तुमच्या-माझ्यासाठी एकच. वर जातात तेव्हा 'रिकॉल'. 'इमर्जन्सी रिकॉल' असं लिहिलेलं असेल तर वरच्या संघात दुखापतींमुळे दोन गोलकीपर, सहा बचावपटू, बारा फॉरवर्ड एवढी संख्याही भरत नाही असं समजा. जखमी खेळाडू बरा झाला की हा परत येणार, हे जवळपास ठरलेलं. 'कंडिशनिंग लोन' म्हणजे बराच काळ बाहेर बसलेला एनएचएल खेळाडू लय मिळवायला जास्तीत जास्त चौदा दिवसांसाठी खाली आला आहे. तो पाहायला मिळाला तर जरूर जा, पण तो हर्शीचा झाला असं धरू नका.

इथे नव्या वाचकांचा एक गोंधळ हमखास होतो. 'टू-वे' करारवाल्यालाच खाली पाठवता येतं आणि 'वन-वे'वाला वरच राहतो, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. टू-वे म्हणजे एनएचएलमध्ये एक पगार आणि एएचएलमध्ये दुसरा, बराच कमी. वन-वे म्हणजे कुठेही खेळला तरी तोच पगार. खाली पाठवता येतं की नाही, हे 'वेव्हर्स'वर ठरतं. खेळाडूने पहिला करार कोणत्या वयात केला, त्यानंतर किती वर्षं झाली आणि एनएचएलचे किती सामने खेळला, यावरून त्याला वेव्हर्समधून सूट आहे का ते ठरतं. सूट नसेल तर खाली पाठवण्याआधी त्याचं नाव २४ तास बाकीच्या सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं. कोणीही त्याला उचलू शकतं, आणि एकाहून अधिक संघांनी हात वर केला तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला प्राधान्य. कोणी घेतलं नाही तर तो 'क्लिअर' झाला. मग वरच्या संघात ३० दिवस किंवा १० सामने भरेपर्यंत पुन्हा वेव्हर्स न लावता त्याला खाली-वर करता येतं. म्हणून वेव्हर्सची बातमी आली की लगेच हळहळू नका किंवा आनंदूही नका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा.

दुसरा गट एएचएल करारवाल्यांचा. यांना पगार हर्शी देतं. वॉशिंग्टनला यांच्यातला कोणी हवा असेल तर आधी त्याच्याशी एनएचएल करार करावा लागतो, नुसतं बोलावता येत नाही. 'अमुक फॉर्मात आहे, मग वर का नेत नाहीत' या प्रश्नाचं उत्तर बरेचदा एवढंच असतं. यांतल्या काहींचा करार एएचएल-ईसीएचएल असा टू-वे असतो आणि ते साउथ कॅरोलायनाला ये-जा करतात.

तिसरा गट पीटीओवाल्यांचा, म्हणजे प्रोफेशनल ट्रायआउट, थोड्या काळाचा चाचणी करार. ईसीएचएलमधला खेळाडू हर्शीला थोड्या दिवसांसाठी लागला की त्याला पीटीओ देतात. एका पीटीओत २५ सामन्यांची मर्यादा असते, आणि 'पीटीओवरून मुक्त' असं वाचलं तर तो बहुतेक वेळा आपल्या ईसीएचएल संघाकडे परत गेलेला असतो. त्यात अपमान काही नाही. सप्टेंबरमध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तेव्हा करार नसलेला अनुभवी खेळाडू एनएचएलच्या सराव शिबिरात नशीब अजमावायला आलेला असतो. एटीओ हा हौशी खेळाडूंचा ट्रायआउट. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेज आणि ज्युनिअर हंगाम संपले की ही नावं अचानक दिसू लागतात. पुढच्या हंगामापासून लागू होणारा एनएचएल करार करून उरलेला हंगाम एटीओवर काढणारी मुलंही असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवा, भविष्यातला संघ तिथे दिसतो.

आता साखळी. हालचाल एकटी क्वचितच असते, आणि गोलकीपरच्या बाबतीत तर कधीच नसते, कारण प्रत्येक संघाला सामन्याला दोन लागतातच. वॉशिंग्टनचा गोलकीपर सकाळच्या सरावात दुखावला की हर्शीचा एक वर जातो. कारने दोन तासांचा रस्ता, त्यामुळे त्याच संध्याकाळी तो तिथे बाकावर असू शकतो. हर्शीची जागा भरायला साउथ कॅरोलायनाहून एक येतो. स्टिंगरेज मग बाहेरून कोणाशी तरी करार करतात किंवा जवळपासचा आणीबाणीचा गोलकीपर बाकावर बसवतात. या चार ओळी चार वेगळ्या ठिकाणी छापल्या जातात. हर्शीची बातमी कळेनाशी झाली की आधी वॉशिंग्टनची दुखापतींची यादी बघा, मग ईसीएचएलच्या संकेतस्थळावरची त्या दिवसाची यादी.

ही शिडी खरीच चढता येते, हे हंटर शेपर्डने दाखवलं. ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोणी न निवडलेला हा गोलकीपर २०२१ मध्ये स्टिंगरेजला केली कप या ईसीएचएलच्या चषकाच्या अंतिम फेरीत घेऊन गेला. २०२३ मध्ये हर्शीने काल्डर कप हा एएचएलचा चषक जिंकला तेव्हा प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बाद फेरीतला) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला. पुढे एनएचएलमध्ये पोहोचलेला गोलकीपर लोगन थॉम्पसनही २०१९-२० मध्ये स्टिंगरेजकडे होता. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की खालच्या मजल्याच्या बातम्या वगळू नका.

ईसीएचएलची यादी मात्र रोखठोक असते, 'अ‍ॅड' आणि 'डिलीट' एवढ्याच क्रियापदांची. 'अ‍ॅड, असाइन्ड बाय हर्शी' म्हणजे वरून आला. 'डिलीट, रिकॉल्ड बाय हर्शी' म्हणजे वर गेला. 'प्लेस्ड ऑन रिझर्व्ह' म्हणजे दुखापत नाही, फक्त त्या दिवशीच्या खेळणाऱ्यांत नाही, कारण सक्रिय खेळाडूंच्या संख्येला मर्यादा आहे. 'सस्पेंडेड बाय टीम' वाचून दचकू नका. लीगने दिलेली शिक्षा वेगळी. संघाने केलेलं हे निलंबन बहुतेकदा कागदी असतं: खेळाडू युरोपात खेळायला गेला, घरी परतला किंवा रुजूच झाला नाही, तर त्याच्यावरचा हक्क हातचा जाऊ नये म्हणून संघ असं करतो. 'फ्युचर कन्सिडरेशन्स'साठी अदलाबदल झाली, तर त्याबदल्यात काय मिळणार ते नंतर ठरणार आहे. कित्येक महिन्यांनी 'आधीचा व्यवहार पूर्ण करण्यासाठी' म्हणून एखादा खेळाडू जातो, तेव्हा त्या जुन्या बातमीचा शेवट लागतो.

चांगला खेळणारा ज्येष्ठ खेळाडू अचानक बाहेर का बसतो, याचं कारण एएचएलच्या नियमात आहे. गोलकीपर सोडून जे १८ जण उतरतात, त्यांतले किमान १३ 'डेव्हलपमेंट' खेळाडू हवेत. या १३ पैकी १२ जण हंगामाच्या सुरुवातीला २६० किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले असावेत, आणि एक ३२० पर्यंत चालतो. त्यात एनएचएल, एएचएल आणि युरोपातल्या वरच्या लीगचे सामने धरतात. थोडक्यात, खऱ्या अर्थाने अनुभवी असे पाचच उतरू शकतात. वॉशिंग्टनने एखादा अनुभवी खेळाडू खाली पाठवला की आधीच्या पाचांतला एक बाहेर बसणार. तो नाराजीने बसवला आहे किंवा लपवलेली दुखापत आहे, असले तर्क लढवण्याआधी ही मोजणी करून बघा. बऱ्याचदा गूढ तिथेच सुटतं.

शनिवारचं म्हणाल तर पूर्ण खात्री कोणीच देणार नाही, पण अंदाज चांगला बांधता येतो. आदल्या दिवशी वॉशिंग्टनचा सामना होता का, त्यात कोणी दुखावलं का, ते बघा. संघाने केलेल्या घोषणा दुपारपर्यंत तपासा. एएचएलचे सामने शनिवार-रविवारला चिकटून असतात आणि कधी शुक्रवार धरून तीन दिवसांत तीन सामने येतात. अशा वेळी एकच गोलकीपर सगळे सामने सहसा खेळत नाही. शुक्रवारी जो खेळला, शनिवारी बहुतेक दुसरा. सामन्याच्या दिवशी सकाळचा सराव झाला असेल तर बर्फावरून आधी बाहेर पडणारा गोलकीपर संध्याकाळी सुरुवात करतो, असा प्रघात आहे. पत्रकार तेवढंच टिपून ठेवतात. लागोपाठच्या दिवसांत मात्र सकाळचा सराव बरेचदा होतच नाही. सगळ्यात पक्की जागा म्हणजे सामन्यापूर्वीचा वॉर्म-अप. जायंट सेंटरला अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा आणि कोण कोणाशेजारून स्केटिंग करतंय ते पाहा, फॉरवर्डच्या तिकड्या आणि बचावपटूंच्या जोड्या तिथेच कळतात.

तिकीट काढताना एक सामना मुद्दाम शोधा: टेडी बेअर टॉस. हर्शीचा पहिला गोल झाला की सारं प्रेक्षागृह बर्फावर खेळणी फेकतं आणि ती नंतर स्थानिक संस्थांना दिली जातात. ५ जानेवारी २०२५ ला १,०२,३४३ खेळणी जमली होती. लवकर तिकीट काढलं नाही तर जागा मिळणं कठीण.

मार्चमध्ये बातम्यांची भाषा बदलते. 'क्लिअर डे' आला की प्रत्येक एएचएल संघ जास्तीत जास्त २२ जणांची यादी देतो आणि उरलेला हंगाम व प्लेऑफ त्यांनीच खेळायचा असतो. आणीबाणी उद्भवली किंवा ज्युनिअर आणि कॉलेजचा हंगाम संपवून नवे खेळाडू आले, तरच त्यात भर पडते. त्यामुळे ती यादी जपून ठेवा. मुलांसाठी नाव लिहिलेली जर्सी घ्यायची असेल तर ऑक्टोबरात घाई नको. हर्शीशी एएचएल करार असलेल्या खेळाडूची घ्या, तो हंगामभर इथेच दिसण्याची शक्यता जास्त. वॉशिंग्टनच्या करारातला आवडता तरुण खेळाडू वर जाऊन स्थिरावला तर त्याची जर्सी तिथे मिळेलच.