शेतातले प्रश्न : चवळीवरच्या त्या काळ्या अळ्या मारू नका

प्रश्न : राम राम साहेब. माझी दोन एकर कपाशी हाय. यंदा कुणीतरी सांगितलं म्हणून कडेनं चवळी लावली. आता त्या चवळीवर मावा, म्हंजे ती रस पिणारी बारीक कीड, इतका झालाय की शेंडेच काळे दिसायलेत, आन् त्याच्यातच काळ्या, नारंगी ठिपक्याच्या, काटेरी अळ्या फिरायल्यात. दुकानदार म्हणतो आजच औषध मारा नाहीतर कपाशीत घुसतील. काय मारू?
(एक वाचक, ता. जिंतूर)

उत्तर : दादा, काहीच मारू नका, पंप घरीच ठेवा. ती अळी म्हणजे ढालकिड्याचं पोर. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा, लहानपणी आपण काडेपेटीत धरून ठेवायचो ना, तोच. पण पोर काही मायबापासारखं दिसत नाही, मगरीच्या पिल्लासारखं दिसतं, म्हणून दरवर्षी मोप लोक त्यालाच कीड समजून मारतात. ही एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यानं मावा खाते आणि पान कुरतडत नाही. आणि चवळीवरचा काळा मावा वेगळा, कपाशीवरचा पिवळट-हिरवा वेगळा, चवळीचा मावा सहसा कपाशीवर बस्तान मांडत नाही. म्हणजे चवळी ही ढालकिड्याची खानावळ झाली समजा, तिथं पोसला की तो पुढं कपाशीत जातो. तुम्ही खानावळच बंद करायला निघालात!

उद्या सकाळी जरा पानं उलटी करून बघा. बारीक दोऱ्याच्या टोकाला लटकलेलं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या मित्रकिड्याचं, त्याची अळीपण मावा-तुडतुडे फस्त करते. काही मावा फुगून तपकिरी झालेला आणि पाठीला भोक पडलेला दिसला तर त्याच्या पोटात बारीक परजीवी गांधीलमाशी वाढून उडून गेली असं समजायचं. हे सगळं दिसत असताना सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या रासायनिक कीटकनाशकाचा फवारा मारला तर मित्र आधी मरतात आणि मग पांढरी माशी मोकळी सुटते, मग तिच्यासाठी आणखी एक डबा. कपाशीच्या पानावर सरासरी 10 च्या वर मावा मोजला आणि मित्रकिडे कुठंच नाहीत, तरच विचार करायचा, तोही आधी 5 टक्के निंबोळी अर्काचा.

उसावाल्यांना आठवत असेल, 2002 नंतर लोकरी माव्यानं किती घाबरवलं होतं. शेवटी तो आवरला तो डिफा आणि मायक्रोमस या किड्यांनी, लोक या किड्यांच्या अळ्या असलेली उसाची पानं या शेतातून त्या शेतात नेऊन बांधायचे.

प्रश्न : गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड लावले, दुसऱ्या दिवशी औषधपण मारलं, पण कार्डातून काहीच निघालं नाही, पैसे वाया गेले. फसवणूक तर नाही ना?
(एक वाचक, ता. माजलगाव)

उत्तर : निघालं असेल, तुम्हाला दिसलं नसेल. ट्रायकोग्रामा हा किडीच्या अंड्यात वाढणारा मित्रकिडा, एक मिलिमीटरपेक्षा लहान असतो. कार्डावर तो आत वाढत असलेली, काळी पडलेली अंडी असतात, भिंगातून बघा, भोकं पडलेली असतील तर किडा बाहेर गेला. भोकं नसतील तर मग वाहतुकीत घोळ झाला असेल, मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारच्या उन्हात आणलेलं कार्ड मेलेलंच असतं. काही कार्ड मुंग्या साफ करतात.

दुसरं म्हणजे ट्रायको फक्त किडीच्या अंड्यात शिरतो, बोंडात घुसलेल्या अळीचं तो काही करू शकत नाही. डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्यानं न उमललेली फुलं, दिसल्यावर कार्ड लावणं म्हणजे चोर घरात आल्यावर कडी लावणं. पाते लागायला लागले, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) पतंग यायला लागले की लावायचं, एकरी 3 कार्ड म्हणजे साधारण 60 हजार अंडी, आठवड्याच्या अंतरानं दोन-तीन वेळा. किडा लांब उडत नाही म्हणून कार्डाच्या पट्ट्या कापून रानभर पानाखाली स्टेपल करा, संध्याकाळी, आणि मागं-पुढं चार दिवस फवारा नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय दुसऱ्या दिवशी औषध मारलं. मग कार्डाला कशाला दोष द्यायचा.

प्रश्न : मग हरभऱ्यात घाटेअळीला पण कार्डच लावावं का?
(एक वाचक, ता. औसा)

उत्तर : नाही. हरभऱ्याच्या पानावर आंब, म्हणजे आंबट रस, असते, त्यात ट्रायकोचं काम होत नाही. तिथं पक्षी बोलवा. पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली की ताटं वर येतात आणि त्यावर साळुंक्या बसतात, नाहीतर एकरी 20 टी आकाराचे थांबे रोवा. अळी बारीक असतानाच एचएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग पाडणारा विषाणू, मारा, तेही ऊन उतरल्यावर, कारण उन्हात तो विषाणू टिकत नाही.