टाकीभर पाण्याची वीज किती?

प्रश्न: मे महिन्यात घरचे सगळे कोयनानगरला जाऊन आलो. १९६२ पासून चालू असलेला, १९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प, पण तिथं एकानं सांगितलं की भर दुपारी बरीच मशीन बंदच असतात. एवढा खर्च करून बंद कशाला ठेवायची? आणि आपल्या दूधसागरवर असं काय का केलं नाही?
– एक वाचक, सांगे (गोवा)

उत्तर: मेगावॅट आणि युनिट यात आपली नेहमी गल्लत होते बघा. १९६० मेगावॅट म्हणजे सगळी मशीन एकदम फिरली तर तेवढा जोर, रोज तेवढी वीज निघते असं नाही. निघालेली वीज मोजतात ती युनिटमध्ये, आपल्या बिलावर असतात तीच. तुमच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असेल ना, तेवढं पाणी कोयनेच्या पोफळीतल्या वीजघरात सुमारे ४७५ मीटर खाली पडतं तेव्हा कुठं एक युनिट, फार तर जरा वर, हाती लागतं! आणि या विजेसाठी धरणातून पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) बांधून दिलंय. तेच पाणी पुढं अलोऱ्याच्या वीजघरात परत एकदा वापरतात, ते धरून ढोबळ हिशेब केला तर वर्षाला अडीचशे-तीनशे कोटी युनिट होतात. म्हणजे सगळी मशीन रात्रंदिवस फुल चालवली तर दोनएक महिन्यांत कोटा खल्लास, मग पुढच्या जूनपर्यंत हात चोळत बसा. म्हणून संध्याकाळी सगळीकडे लाइट-पंखे-एसी एकदम लागले की ही मशीन काही मिनिटांत चालू करतात, कोळशाच्या केंद्राला थंड पडल्यावर परत पेटायला तासन्‌तास लागतात, आणि दुपारी हल्ली सोलर असतंच. बंद दिसतं ते मशीन नसतं हो, राखून ठेवलेलं पाणी असतं.

दूधसागरचं म्हणाल तर उंची आहे, ३१० मीटर, पण पाणी साठवायला जागा कुठाय? मेमध्ये जाऊन बघा, कातळावर नुसत्या धारा. बारमाही वीज हवी तर वर धरण बांधून जंगल बुडवावं लागेल, आणि तो भाग अभयारण्याचा, माझं विचाराल तर नाही केलं तेच बरं. आपल्याला जवळचं मोठं जलविद्युत म्हणजे दोडामार्गात कोनाळचं, तिलारीचं, ६० मेगावॅट. वीज महाराष्ट्राची. आपल्याकडे येतं ते तिलारीच्या कालव्याचं पाणी, आणि तो कालवा फुटला की आधी बागायतीतच घुसतं!