शौचाच्या तपासणीत जंत 'निल' आले, तर मुलाच्या पोटात जंत नाहीतच असं समजायचं का?

नाही ताई, एका डबीवरून तसं समजू नका. सहा वर्षांच्या मुलाचं पोट दोन महिने अधूनमधून दुखतंय, मध्येच पातळ होतं, रात्री बुडाला खाज सुटते, आणि रिपोर्टात 'ओव्हा, सिस्ट : निल' (म्हणजे जंतांची अंडी आणि कवचातले जंतू दिसले नाहीत) आलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी इथं कोल्हापुरात एकोणीस वर्षं लॅबमध्ये स्लाइडी बघते. साध्या तपासणीत काडीच्या टोकाला जेमतेम २ मिलिग्रॅम मल येतो. तेवढ्यात त्या दिवशी काही दिसलं नाही, एवढाच 'निल'चा अर्थ. जियार्डिया या जुलाब करणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूचं तर असं, की आज ढीगभर पडतात आणि पुढचे चार दिवस एकही नाही.

२०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडं जुलाबाचे पेशंट फार यायचे. मी तेव्हा ज्या लॅबमध्ये नोकरीला होते तिथं सकाळी सातला आलेल्या डब्या दुपारी बारापर्यंत तशाच पडून असायच्या. एका शाळकरी पोराचा रिपोर्ट मी स्वतः 'निल' दिला. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊनच आली, त्यानं तिथंच संडास केली आणि मी लगेच स्लाइड लावली. सलाईनच्या थेंबात नासपतीच्या आकाराचे जियार्डिया, वाळकं पान हेलकावे घेत खाली यावं तसे फिरत होते. आदल्या दिवशीही ते असणारच, पण पातळ शौचातले हे जिवंत जंतू अर्ध्या तासात मरून विरघळायला लागतात. ते पोरगं एक दिवस जास्त हगवणीत राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तीन नमुने द्या, एक दिवसाआड. डबी कोरडी हवी, लघवी किंवा भांड्यातलं पाणी त्यात जाऊ देऊ नका. आव किंवा रक्त दिसलं तर नेमका तोच भाग घ्या. पातळ झालं असेल तर अर्ध्या तासात डबी टेबलावर पोचली पाहिजे. बांधीव असेल तर घाई कमी. अँटिबायोटिक चालू असेल तर आधी सांगा. लॅबला 'कॉन्सन्ट्रेशन करता का' असं सरळ विचारा: फॉर्मॉल-ईथर घालून मशीनमध्ये फिरवलं की अंडी आणि सिस्ट तळाशी गोळा होतात, थोडी असली तरी सापडतात. शाळेतली जंताची गोळी दिली म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या एका गोळीनं जियार्डिया जात नाही. आणि रिपोर्ट येण्याआधी मनानं दुसरी गोळी देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आता रात्रीची खाज. ती मला बारीक पांढऱ्या, दोऱ्यासारख्या जंतांची वाटते, आणि ते शौचात बहुतेक वेळा दिसतच नाहीत. मादी रात्री बाहेर येऊन बुडाच्या कडेच्या कातडीवर अंडी घालते. लॅबमधून काचेची स्लाइड आदल्या दिवशी मागून आणा. सकाळी पोरगं उठल्या उठल्या, संडासला जायच्या आणि धुवायच्या आधी, आरपार दिसणाऱ्या सेलोटेपची चिकट बाजू कडेला दोन-तीनदा दाबा आणि टेप स्लाइडवर सुरकुती न पडता चिकटवा. असं तीन सकाळी करा. एका बाजूनं चपटी अंडी असली तर मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येतात. टेप लावून झाला की तुमचे हात आणि त्याची नखं साबणानं घासून धुवा, कारण ती अंडी नखांतूनच परत तोंडात जातात.