हॉलिवूडचे जेम्स स्टुअर्ट प्रत्येक सिनेमात सारखेच वाटतात, मग त्यांना एवढा मोठा नट का मानतात?

तुम्ही बहुधा त्यांचे दुसऱ्या महायुद्धाआधीचे सिनेमे पाहिले असावेत. तिथे तुमची तक्रार बऱ्यापैकी खरी आहे. उंच, काटकुळा, बोलताना अडखळणारा सरळमार्गी पोरगा, हा साचा 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये (१९३९) पक्का झाला. पुढे 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी ऑस्कर मिळालं, ते वडिलांनी पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मांडून ठेवलं. (खिळे, बिजागऱ्या आणि ऑस्कर!)

मग युद्ध आलं. वजन कमी म्हणून लष्कराने आधी नाकारलं होतं, तरी मार्च १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याने अमेरिका युद्धात उतरली त्याच्या कितीतरी आधी, ते भरती झाले. विमान चालवायला येत होतं. प्रचारासाठी मिरवण्याऐवजी लढाईवरच पाठवा म्हणून ते मागे लागले आणि इंग्लंडमधल्या टिबेनहॅम तळावरून बी-२४ बॉम्बर घेऊन २० मोहिमांवर गेले. साधे शिपाई म्हणून गेलेले, परतले ते कर्नल होऊन. त्याबद्दल फारसं बोलत मात्र नसत.

माझ्या मते खरा नट इथून पुढे दिसतो. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ला (१९४६) लोक नाताळचा गोड सिनेमा म्हणतात. त्यातला बारमध्ये बसून देवाची करुणा भाकणारा माणूस बघा, गोड काही नाही त्यात. तेव्हा सिनेमा तोट्यातच गेला होता. दिग्दर्शक अँथनी मान यांच्या 'विंचेस्टर ७३'मध्ये (१९५०) स्टुअर्ट गुंडाचा हात पिरगाळून त्याचं तोंड बारच्या फळीवर दाबतात, तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते जुन्या स्टुअर्टमध्ये कुठेच नव्हतं. याच सिनेमासाठी त्यांचे एजंट ल्यू वासरमन यांनी ठरावीक मानधनाऐवजी नफ्यात वाटा मागून घेतला. स्टुडिओंची मक्तेदारी सैल व्हायला असे करार बरेच कारणीभूत ठरले.

आणि 'व्हर्टिगो' (१९५८). एका बाईचे कपडे, केसांचा रंग, केशरचना, सगळं बदलून तिला दुसरीच बाई बनवू पाहणारा माणूस. किळस यावी असं वागणं आहे, तरी त्याची कीव येते. दिग्दर्शक हिचकॉकने स्टुअर्ट यांच्या त्याच भोळ्या चेहऱ्याचा इथे पुरेपूर फायदा उठवला आहे. म्हणून आधी 'मिस्टर स्मिथ' पाहा आणि त्याच आठवड्यात 'व्हर्टिगो'. दोन्हीकडे अडखळणं तेच आहे, पण पहिल्यात ते लाजण्यातून येतं आणि दुसऱ्यात हव्यासातून.