आधी दवाखाना, मग टेस्ट सिरीज

प्रश्न : मुलगी नीटची रिपीटर आहे. गेल्या वर्षी ४१२ आले. यंदा सांगलीत विश्रामबागला खोली घेतली, आई तिच्यासोबत राहते. क्लास आणि अभ्यासिका धरून १४ तास अभ्यास होतो, तरी टेस्टमध्ये ४५० च्या पुढं सरकत नाही. झोप पाच तासांवर आणली, व्हॉलीबॉल बंद केला. द्राक्षाच्या पैशातून साडेतीन लाख घातलेत. जाणीव राहावी म्हणून रोज फोनवर सांगतो. ही शेवटची संधी आहे. कोणती टेस्ट सिरीज लावावी? हल्ली ती नीट जेवत नाही, तीन महिने पाळीही आली नाही. ते परीक्षेनंतर दाखवू.
– एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : तीन महिने पाळी नाही, जेवण सुटलंय, आणि हे तुम्ही पत्राच्या शेपटाला, जाता जाता लिहिलंय. परीक्षेनंतर म्हणजे मे महिना. इतकं थांबायचं नाही. याच आठवड्यात सांगलीत नाहीतर मिरजेत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ताण, अपुरं खाणं, थायरॉईड, पीसीओडी, कारण काहीही निघेल. ते डॉक्टरांना ठरवू दे. हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

दुसरं, भूक जाण्यामागे मनही असू शकतं. ती एकटी रडते का, जगणं नकोसं वाटतं का, हे तिच्या आईनं जवळ बसून सरळ विचारावं. विचारल्यानं नसते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट पोर मोकळी होते. उत्तर होकारार्थी आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीअपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता ते साडेतीन लाख. रोज फोनवर हिशेब ऐकून जाणीव होत नाही, ताटातला घास मात्र जड होतो. पोरगी जेवत नाही याचं तुम्हाला नवल वाटतंय, मला नाही. हा विषय आजपासून बंद. आणि शेवटची संधी कुणी ठरवली? नीट कितीदा द्यायची याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. ती अट तुमच्या घरातली आहे.

झोप कमी केली की अभ्यास वाढतो, हा समज आपल्याकडे फार पक्का. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत दिवा दिसला की पालकांना बरं वाटतं. पण दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, म्हणजे लक्षात राहण्यावर निम्मा पेपर. शिवाय चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, आणि पेंगुळलेल्या डोक्याकडून अशाच चुका होतात. पेपर असतो दुपारी २ ते ५. रात्रभर जागणाऱ्या मुलांचे डोळे नेमके तेव्हाच मिटायला लागतात. तिला किमान सात-आठ तास झोपू द्या आणि टेस्टही दुपारी दोनलाच सोडवू द्या.

व्हॉलीबॉल परत सुरू करा. तुम्ही बागायतदार आहात. माल उतरल्यावर खरडछाटणीआधी वेलीला विश्रांती देताच ना? तिथं कधी म्हणत नाही की वेल आळशी झाली.

बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यक यांनाही नीटचेच गुण लागतात, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. पण तिला यातलं काय हवंय, किंवा डॉक्टर तरी व्हायचंय का, हे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठंच नाही. रिपोर्ट आल्यावर तिला विचारा. 'नाही' म्हणाली तर तेही ऐकायची तयारी ठेवून विचारा, नाहीतर विचारूच नका.

टेस्ट सिरीज नवी लावू नका. क्लासची आहे तीच पुरे. झालेल्या टेस्टमध्ये किती उत्तरं चुकली, किती सोडली, एवढं तिनं आठवड्यातून एकदा क्लासमधल्या सरांबरोबर बसून बघावं. तुम्ही त्यात बसू नका.